१९५१ चा रिओ चषक आणि 'पहिला विश्वविजेता क्लब' हा प्रश्न

आपण शालेय खेळाडूंसाठी फुटबॉलची प्रश्नमंजुषा तयार करीत आहात आणि 'पहिला विश्वविजेता क्लब कोणता?' या एका प्रश्नावर अडला आहात. एका ठिकाणी आपल्याला ब्राझीलचा पाल्मेइरास (१९५१) हे उत्तर मिळाले, दुसऱ्या ठिकाणी स्पेनचा रेआल माद्रिद (१९६०) आणि तिसऱ्या ठिकाणी ब्राझीलचाच कोरिंथियन्स (२०००). त्यातच फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, २०१४ साली पाल्मेइरासला मान्यता दिली आणि २०१७ साली ती काढून घेतली, असे कोणीतरी आपल्याला सांगितले. मग नेमके काय धरायचे, असे आपण विचारले आहे.

ही तिन्ही उत्तरे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत आणि आपापल्या प्रश्नापुरती तिन्ही बरोबर आहेत. फिफाने दिलेली मान्यता काढून घेतली हे मात्र बरोबर नाही. हे का, ते समजण्यासाठी १९५१ ची स्पर्धा मुळात काय होती ते पाहावे लागेल. मी अठ्ठावीस वर्षे कोल्हापुरात आणि मुंबईत फुटबॉल स्पर्धांच्या संयोजनाचे काम केले आहे. संघ निश्चित करणे, भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) काढणे, मैदाने आणि तारखा जुळवणे आणि तक्रारी ऐकणे यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे कोणतीही स्पर्धा समोर आली की मी आधी चषकाकडे पाहत नाही; संघ कोणत्या निकषावर बोलावले, सामने कुठे ठेवले आणि बरोबरी झाल्यास काय करायचे ठरले होते, ते पाहतो. रिओ चषकाकडेही मी तसेच पाहणार आहे.

या स्पर्धेचे मूळ पोर्तुगीज नाव 'विजेत्या क्लबांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा' अशा अर्थाचे होते. लोकांच्या तोंडी मात्र 'कोपा रिओ', म्हणजे रिओ चषक, हेच नाव बसले. ब्राझीलच्या क्रीडा महासंघाने ती भरवली. ३० जून १९५१ रोजी ती सुरू झाली आणि २२ जुलैला संपली. त्या तेवीस दिवसांत आठ संघांनी रिओ द जानेरो आणि साओ पावलो या दोन शहरांत अठरा सामने खेळले.

तारखांकडे नीट लक्ष द्या, कारण त्यांत या स्पर्धेचे अर्धे कारण दडलेले आहे. त्याआधी सुमारे एक वर्ष, १६ जुलै १९५० रोजी, रिओच्या नव्याकोऱ्या माराकाना मैदानावर विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले होते. ब्राझीलला त्या दिवशी बरोबरीसुद्धा पुरली असती. पहिला गोलही ब्राझीलनेच केला होता. नंतर उरुग्वेच्या स्कियाफिनो आणि गिज्जा यांनी सामना फिरवला. ब्राझीलच्या लोकांनी तो पराभव घरातल्या मृत्यूसारखा मनाला लावून घेतला. जगातले सर्वांत मोठे मैदान बांधून तयार होते, ते भरण्याइतके प्रेक्षक होते आणि जगाला पुन्हा आपल्या अंगणात बोलावून जिंकून दाखवण्याची तीव्र इच्छा होती. राष्ट्रीय संघांचा पुढचा विश्वचषक १९५४ मध्ये, तोही युरोपात व्हायचा होता. तोपर्यंत थांबायची तयारी नसेल, तर क्लबांची स्पर्धा हाच मार्ग उरत होता.

केवळ दुखावलेल्या अभिमानातून मात्र स्पर्धा उभी राहत नाही. तिच्यासाठी आधीची वहिवाट लागते आणि ती दक्षिण अमेरिकेत तयार होत आली होती. १९४८ मध्ये चिलीची राजधानी सांतियागो येथे कोलो-कोलो या क्लबने खंडातल्या विजेत्या क्लबांना एकत्र आणले होते. सात क्लबांच्या त्या साखळी स्पर्धेत रिओचा वास्को द गामा अपराजित राहून पहिला आला आणि आर्जेंटिनाचा रिव्हर प्लेट दुसरा. फ्रान्सच्या 'लेकिप' या क्रीडा दैनिकाचे झाक फेरां यांच्या मनात या स्पर्धेने घर केले. पुढे १९५५ मध्ये त्यांच्या दैनिकाच्या पुढाकाराने युरोपातल्या क्लबांचा युरोपीय चषक सुरू झाला, त्यामागे सांतियागोच्या या प्रयोगाची प्रेरणा होती. दुसऱ्या बाजूने युरोपातले क्लब ब्राझीलच्या दौऱ्यावर येऊ लागले होते. १९४९ मध्ये इंग्लंडचा आर्सेनल आला आणि वास्कोकडून हरून गेला. पण दौरा आणि स्पर्धा यांत मूलभूत फरक असतो. दौऱ्यावरचा पाहुणा हरला तरी त्याचे काही जात नाही, स्पर्धेत हरणारा घरी जातो. रिओ चषकाने दोन खंडांच्या क्लबांना प्रथमच या दुसऱ्या नियमाखाली आणले आणि माझ्या मते त्याचे खरे ऐतिहासिक महत्त्व तिथेच आहे.

आता संघांची निवड पाहू, कारण सर्वाधिक वाद तिथेच होतो. युरोपाशी बोलणी करण्याच्या कामात इटलीच्या फुटबॉल महासंघाचे प्रमुख ओत्तोरिनो बारास्सी यांचा मोठा वाटा होता. महायुद्धाच्या काळात विश्वचषकाची सोन्याची बाहुली जर्मन सैन्याच्या हाती लागू नये म्हणून आपल्या घरी दडवून ठेवणारे ते हेच गृहस्थ. फिफाच्या वर्तुळात त्यांच्या शब्दाला वजन होते आणि १९५० च्या विश्वचषकाच्या आखणीतही त्यांनी ब्राझीलला साहाय्य केले होते.

यजमानांचे दोन संघ होते. रिओ राज्य स्पर्धेचा १९५० चा विजेता वास्को द गामा आणि साओ पावलो राज्य स्पर्धेचा विजेता पाल्मेइरास. त्या काळी ब्राझीलमध्ये संपूर्ण देशाची एकच क्लब साखळी नव्हती. या दोन राज्यांच्या स्पर्धाच सर्वांत मोठ्या मानल्या जात, म्हणून दोघांना घेणे रास्तच होते. (वास्कोचे नाव वाचताच आपल्या गोव्याच्या वाचकांना स्वतःचे शहर आठवेल. शहर आणि क्लब या दोहोंना नाव मिळाले ते एकाच पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून.) बाहेरून आले ते उरुग्वेचा नासिओनाल, पोर्तुगालचा स्पोर्टिंग, ऑस्ट्रियाचा ऑस्ट्रिया व्हिएन्ना, फ्रान्सचा नीस, युगोस्लाव्हियाचा रेड स्टार बेलग्रेड आणि इटलीचा युव्हेंटस.

यांतला नीस हा त्या हंगामाचा फ्रान्सचा विजेता होता आणि स्पोर्टिंग पोर्तुगालचा. नासिओनालने १९५० ची उरुग्वेची स्पर्धा जिंकली होती. युव्हेंटसची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९५०-५१ ची इटलीची साखळी मिलानने जिंकली होती आणि युव्हेंटस तिसरा होता. त्याचे विजेतेपद आदल्या हंगामातले. मिलानने जूनमध्ये इटलीतच भरलेला लॅटिन चषक (इटली, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल यांच्या क्लबांची स्पर्धा) खेळला आणि जिंकलाही. इंग्लंडचा विजेता टॉटनहॅम आला नाही, स्पेनचा अॅटलेटिको माद्रिद आला नाही. आर्जेंटिनाचा एकही क्लब नव्हता. त्या वर्षांत ब्राझील आणि आर्जेंटिना यांच्या फुटबॉल संघटनांचे संबंध इतके बिघडले होते की १९५० च्या विश्वचषकातही आर्जेंटिना उतरला नव्हता.

या यादीवर बोट ठेवून काही जण म्हणतात की सगळे विजेते नव्हतेच, मग ती जागतिक स्पर्धा कसली? माझा अनुभव मला इतके कठोर होऊ देत नाही. निमंत्रितांच्या स्पर्धेत पहिल्या पसंतीचा संघ न येणे ही रोजची गोष्ट आहे. खरा प्रश्न असा असतो की त्याच्या जागी कोणाला आणले. जागा भरण्यासाठी जवळचा आणि स्वस्त संघ आणला, की स्पर्धेची पातळी राखणारा? युव्हेंटसच्या संघात जांपिएरो बोनिपेर्ती होता, डेन्मार्कचे कार्ल आगे हान्सेन आणि कार्ल आगे प्रेस्ट होते. ऑस्ट्रिया व्हिएन्नाकडे एर्न्स्ट ओत्सव्हिर्कसारखा त्या काळात युरोपातला पहिल्या प्रतीचा मानला जाणारा मध्यरक्षक होता. हे संघ जागा भरायला आणलेले नव्हते. शिवाय १९५१ मध्ये युरोपचा विजेता क्लब ठरवणारी स्पर्धाच अस्तित्वात नव्हती, युरोपीय फुटबॉल संघ म्हणजे युएफाचा जन्मही १९५४ चा. दक्षिण अमेरिकेची कोपा लिबेर्तादोरेस १९६० मध्ये आली. पात्रतेची शिडीच बांधलेली नव्हती, तेव्हा तिच्यावरून चढून आला नाहीत म्हणून १९५१ च्या संघांना दोष देता येत नाही.

आखणी साधी होती आणि यजमानांच्या दृष्टीने विचारपूर्वक केलेली होती. चार-चार संघांचे दोन गट केले. एक गट रिओत माराकानावर, तिथे वास्को, ऑस्ट्रिया व्हिएन्ना, नासिओनाल आणि स्पोर्टिंग. दुसरा साओ पावलोत पाकायेंबू मैदानावर, तिथे पाल्मेइरास, युव्हेंटस, रेड स्टार आणि नीस. म्हणजे दोन्ही शहरांना स्वतःचा संघ मिळाला, तिकीट विक्रीची चिंता मिटली आणि दोन ब्राझिली संघ साखळीत समोरासमोर येणार नाहीत याची सोय झाली. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जायचे. उपांत्य आणि अंतिम फेरीत एकेका जोडीचे दोन-दोन सामने व्हायचे. लांबून आलेल्या संघाला एका वाईट दिवसामुळे बाहेर जावे लागू नये यासाठी ही योजना फार चांगली. आमच्याकडे एका मैदानावर दिवसाला दोन सामने उरकताना मला नेहमी वाटे की निदान अंतिम फेरी तरी दोन सामन्यांची करता यावी, पण तारखा कधीच परवडल्या नाहीत.

रिओ गटात वास्कोने धुमाकूळ घातला. स्पोर्टिंगला ५-१, ऑस्ट्रिया व्हिएन्नाला ५-१ आणि नासिओनालला २-१ असे हरवून तो पहिला आला. स्पोर्टिंग तिन्ही सामने हरला. पण तोच संघ जूनच्या उत्तरार्धात इटलीत लॅटिन चषक खेळून, अटलांटिक ओलांडून थेट या स्पर्धेत उतरला होता, हे निकालपत्रावर दिसत नाही. ऑस्ट्रिया व्हिएन्नाने नासिओनालला ४-० आणि स्पोर्टिंगला २-१ असे हरवून दुसरे स्थान घेतले. विश्वविजेत्या देशाचा क्लब साखळीतच बाहेर पडला, याचे रिओच्या प्रेक्षकांना किती समाधान वाटले असेल याची कल्पना करता येते.

साओ पावलो गटात पाल्मेइरासने नीसला ३-० आणि रेड स्टारला २-१ असे हरवले. युव्हेंटसने याच दोघांना प्रत्येकी ३-२ असे हरवले. शेवटच्या साखळी सामन्याआधीच दोघांची उपांत्य फेरी निश्चित झाली होती, फक्त पहिला कोण आणि दुसरा कोण एवढेच ठरायचे होते. त्या सामन्यात युव्हेंटसने पाल्मेइरासचा ४-० असा धुव्वा उडवला. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर चार गोल खाऊन पाल्मेइरास दुसरा आला आणि त्यामुळे उपांत्य फेरीत त्याच्या वाट्याला वास्को आला, तोही माराकानावर.

इथून पुढचे दहा-बारा दिवस मला या स्पर्धेत सर्वांत मोलाचे वाटतात. पाल्मेइरासचे उरुग्वेयन प्रशिक्षक व्हेंतुरा कांबोन यांनी त्या पराभवानंतर गोलरक्षक बदलला. ओबेर्दान कात्तानी हा त्या क्लबच्या इतिहासातला अत्यंत लाडका गोलरक्षक. त्याला बाजूला ठेवून फाबियो क्रिप्पाला उभे करणे हे सोपे काम नव्हते. समोरच्या वास्कोला तर १९५० च्या ब्राझील संघाचा कणाच म्हणावे लागेल. गोलरक्षक बार्बोझा, कर्णधार आउगुस्तो, दानिलो आणि विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा आदेमिर हे सगळे वास्कोचे. साखळीत बारा गोल करून आलेला हा संघ हरेल असे रिओत कोणाला वाटत नव्हते. पाल्मेइरासने पहिला सामना २-१ असा जिंकला आणि दुसरा गोलशून्य बरोबरीत सोडवला. नव्या गोलरक्षकाने दोन सामन्यांत मिळून एकच गोल स्वीकारला. दुसऱ्या उपांत्य फेरीत युव्हेंटस आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना ३-३ असे बरोबरीत राहिले आणि नंतर युव्हेंटसने ३-१ असा विजय मिळवला.

अंतिम फेरीचे दोन्ही सामने माराकानावर झाले. पाल्मेइरासचा हा शत्रूच्या गावचा मुक्काम होता. रिओ आणि साओ पावलो यांच्यातली चुरस तेव्हाही तीव्र होती आणि आजही आहे. पण समोर परदेशी संघ असल्याने रिओच्या प्रेक्षकांनी साओ पावलोच्या क्लबला आपले म्हटले. या लढतीला आणखी एक पदर होता. पाल्मेइरासची स्थापना १९१४ मध्ये इटलीहून आलेल्या स्थलांतरितांनी 'पालेस्त्रा इतालिया' या नावाने केली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्राझील इटलीविरुद्ध उभा राहिल्यावर १९४२ मध्ये क्लबला ते नाव सोडावे लागले. ज्या क्लबला नऊ वर्षांपूर्वी आपले इटालियनपण पुसून ब्राझिली असल्याचे सिद्ध करावे लागले, तोच क्लब आता इटलीच्या सर्वांत नावाजलेल्या क्लबाविरुद्ध संपूर्ण ब्राझीलचा प्रतिनिधी म्हणून खेळत होता.

१८ जुलैच्या पहिल्या सामन्यात रोद्रिगेसच्या एकमेव गोलावर पाल्मेइरास जिंकला. २२ जुलैला लाखभर प्रेक्षकांसमोर दुसरा सामना झाला. पूर्वार्धात प्रेस्टने युव्हेंटसला पुढे नेले, म्हणजे एकूण हिशेब १-१ झाला. मध्यंतरानंतर लगेच रोद्रिगेसने बरोबरी साधली. कार्ल आगे हान्सेनने युव्हेंटसला पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि एकूण हिशेब पुन्हा बरोबरीत आला. शेवटी लिमिन्याने गोल करून सामना २-२ केला आणि एकूण ३-२ अशा फरकाने चषक पाल्मेइरासकडे गेला. बोनिपेर्तीने सहा गोल करून स्पर्धेतला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू हा मान मिळवला, पण चषकाविना परतला.

त्या दिवशी पाल्मेइरासच्या बाजूने मैदानात उतरलेल्यांत जाइर आणि बचावपटू जुव्हेनाल हे दोघे होते. एक वर्ष आणि सहा दिवसांपूर्वी याच मैदानावर, याच प्रेक्षकांसमोर, उरुग्वेविरुद्ध हरलेल्या अकरा जणांतही ते दोघे होते. बार्बोझा, जुव्हेनाल यांच्यासारख्या खेळाडूंना त्या एका पराभवासाठी आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले, हे ठाऊक असलेल्या माणसाला जुव्हेनालच्या हाती आलेल्या या चषकाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. संघ साओ पावलोला परतला तेव्हा स्वागताला रस्ते माणसांनी भरून गेले आणि ब्राझीलच्या वृत्तपत्रांनी संघाला 'विश्वविजेते' म्हटले.

चषकाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. १९५२ मध्ये रिओच्या फ्लुमिनेन्स क्लबच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने दुसरी स्पर्धा झाली. अंतिम फेरीत फ्लुमिनेन्सने कोरिंथियन्सला २-० आणि २-२ अशा निकालांनी मागे टाकले. उरुग्वेच्या पेन्यारोलने उपांत्य फेरीतल्या मारामारीनंतर दुसरा सामना खेळण्यास नकार दिल्यामुळे त्या स्पर्धेला डाग लागला. १९५३ मध्ये वेगळ्या नावाने आठ संघांची स्पर्धा झाली, पण त्यांतले पाच ब्राझीलचेच होते आणि ती वास्कोने जिंकली. नंतर सगळे थांबले. युरोपीय क्लबांची हंगामाची विश्रांती, स्वतःच्या खंडातल्या नव्या स्पर्धा, प्रवासाचा खर्च आणि ब्राझीलच्या राज्य स्पर्धांचे वेळापत्रक यांची सांगड दरवर्षी घालणे एका देशाच्या महासंघाच्या आवाक्यातले नव्हते. एकदा उत्साहावर स्पर्धा भरवता येते, पण दरवर्षी भरवायला कायमची यंत्रणा लागते, आणि ती दोन खंडांच्या संघटनांनी मिळून १९६० मध्ये उभी केली.

१९६० मध्ये युरोपीय चषकाचा विजेता रेआल माद्रिद आणि लिबेर्तादोरेसचा विजेता पेन्यारोल यांच्यात आंतरखंडीय चषकाचे पहिले दोन सामने झाले. मोंतेव्हिदेओत ०-० आणि माद्रिदमध्ये ५-१. हा चषक २००४ पर्यंत चालला. १९८० पासून तो जपानमध्ये एकाच सामन्यावर ठरू लागला. फिफाने स्वतः भरवलेली पहिली जागतिक क्लब स्पर्धा मात्र जानेवारी २००० ची. ती झाली ब्राझीलमध्ये, आठ संघांची, दोन गटांची, एक गट रिओत माराकानावर आणि दुसरा साओ पावलोत, आणि अंतिम सामना माराकानावर. कोरिंथियन्सने वास्कोला पेनल्टींवर हरवले. १९५१ ची आखणी समोर ठेवून ही वाचली, तर एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा आराखडाच पुन्हा काढला की काय असे वाटते. कोणी जाणूनबुजून केले की परिस्थितीने तसे घडले, हे बाजूला ठेवले तरी १९५१ च्या संयोजकांची समज किती पक्की होती याचा मला तरी यापेक्षा चांगला पुरावा दिसत नाही.

आता फिफाच्या निर्णयांकडे वळतो. ७ जून २०१४ रोजी, ब्राझीलमधल्या विश्वचषकाच्या तोंडावर, फिफाच्या कार्यकारी समितीची साओ पावलोत बैठक झाली. ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्या विनंतीवरून समितीने मान्य केले की युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या क्लबांमध्ये झालेली १९५१ ची स्पर्धा ही जागतिक स्वरूपाची पहिली क्लब स्पर्धा होती आणि पाल्मेइरास तिचा विजेता होता. हे शब्द काळजीपूर्वक वाचा. 'पहिली जागतिक क्लब स्पर्धा' आणि 'तिचा विजेता' एवढेच त्यात आहे. 'फिफाचा विश्वविजेता क्लब' ही पदवी त्यात नाही.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी फिफा परिषदेची बैठक झाली ती आपल्याकडे, कोलकात्यात. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दुसऱ्या दिवशी तिथे व्हायचा होता. त्याच स्पर्धेचे सामने नवी मुंबईत आणि गोव्यातल्या फातोर्डा मैदानावरही झाले होते. या बैठकीत १९६० ते २००४ या काळातल्या आंतरखंडीय चषकाच्या विजेत्यांना विश्वविजेते क्लब म्हणून मान्यता मिळाली. १९५१ च्या विजेत्याला ती पदवी दिली गेली नाही. म्हणजे २०१४ चा निर्णय रद्द झाला नाही. २०१७ मध्ये एक वेगळी पदवी वाटली गेली आणि तिच्या यादीत पाल्मेइरास आला नाही. ही दोन निवेदने एकमेकांना छेदत नाहीत, शेजारी उभी राहतात.

हे न्याय्य झाले का? स्पर्धेत फक्त दोनच खंड होते, म्हणून १९५१ ला पदवी नको, हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. १९६० ते २००४ च्या चषकातही तेच दोन खंड होते. आशियाची फुटबॉल संघटना १९५४ मध्ये आणि आफ्रिकेची १९५७ मध्ये स्थापन झाली, आशियातल्या क्लबांची स्पर्धा १९६७ मध्ये सुरू झाली, तरी त्या आंतरखंडीय चषकात आशियाला किंवा आफ्रिकेला कधी जागा मिळाली नाही. १९५१ मध्ये आशियाचा क्लब का नव्हता असे विचारणाऱ्याने हा प्रश्न १९८१ लाही विचारायला हवा.

मला पटतो तो युक्तिवाद वेगळा आहे. आंतरखंडीय चषकात संघ आपापल्या खंडाची स्पर्धा जिंकून येत. कोण खेळणार हे मैदानावर ठरे. रिओ चषकात ते पत्रव्यवहाराने ठरले. तो पत्रव्यवहार चांगल्या हेतूने आणि चांगल्या पातळीवर झाला, तरी तो पत्रव्यवहारच होता. इटलीचा तिसरा संघ खेळला आणि पहिला घरी राहिला, हे पात्रतेच्या स्पर्धेत घडू शकत नाही. म्हणून 'विश्वविजेता' ही पदवी, आज आपण तिचा जो अर्थ घेतो त्या अर्थाने, १९५१ ला लावू नये असे माझे मत आहे. त्याच वेळी त्या स्पर्धेला मैत्रीपूर्ण सामन्यांच्या रांगेत बसवणे हा तिच्यावर अन्याय आहे. साखळी, बाद फेरी, दोन सामन्यांची अंतिम लढत, त्या काळातले पहिल्या प्रतीचे संघ आणि जीव तोडून झालेला खेळ, हे सगळे तिच्यात होते. तिच्या आधी दोन खंडांच्या क्लबांसाठी असे कोणीही उभे केले नव्हते.

पाल्मेइरासच्या चाहत्यांना हा भेद कडू वाटतो हे मी समजू शकतो. १९९९ मध्ये टोकियोत त्यांचा क्लब मँचेस्टर युनायटेडकडून ०-१ असा हरला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये चेल्सीकडून जादा वेळेत १-२ असा. साओ पावलोतल्या प्रतिस्पर्धी क्लबांचे चाहते 'पाल्मेइरासकडे विश्वविजेतेपद नाही' असे भर मैदानात गातात. त्या गाण्याला उत्तर देण्यासाठी १९५१ ला जास्तीची पदवी चिकटवण्याची ओढ स्वाभाविक आहे. पण उपांत्य फेरीत वास्कोला आणि अंतिम फेरीत युव्हेंटसला हरवून मिळवलेल्या चषकाला उसन्या पदवीची गरज नाही.

राहिला आपल्या प्रश्नमंजुषेचा मुद्दा. 'पहिला विश्वविजेता क्लब कोणता?' हा प्रश्न तसाच ठेवू नका. त्यावर वाद होईल आणि हुशार मूल नेमके आपल्या उत्तरपत्रिकेत नसलेले उत्तर देईल. त्याचे तीन प्रश्न करा. '१९५१ मध्ये झालेल्या, फिफाने पहिली जागतिक क्लब स्पर्धा म्हणून मान्य केलेल्या रिओ चषकाचा विजेता कोण?' उत्तर पाल्मेइरास. 'युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांमध्ये १९६० मध्ये सुरू झालेल्या आंतरखंडीय चषकाचा पहिला विजेता कोण?' उत्तर रेआल माद्रिद. 'फिफाने स्वतः भरवलेल्या पहिल्या जागतिक क्लब स्पर्धेचा, म्हणजे २००० च्या स्पर्धेचा, विजेता कोण?' उत्तर कोरिंथियन्स. आणि वेळ असेल तर मोठ्या मुलांसाठी चौथा प्रश्नही घाला: '१९५० चा विश्वचषकाचा निर्णायक सामना आणि १९५१ च्या रिओ चषकाचा अंतिम सामना, हे दोन्ही माराकानावर खेळलेले पाल्मेइरासचे दोन खेळाडू कोणते?' त्याचे उत्तर वर दिलेलेच आहे, जाइर आणि जुव्हेनाल.